रोबोटिक्सच्या टीमला खरोखर किती वेळ द्यावा लागतो? लेक नववीत आहे

मुलुंडची आई:
नमस्कार. माझी लेक यंदा नववीत गेली. तिच्या शाळेत रोबोटिक्स नाही, पण अंधेरीला एक टीम आहे. वेगवेगळ्या शाळांची मुलं तिथे एकत्र येऊन फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोटिक्स स्पर्धेसाठी रोबो बनवतात. जूनमध्ये ती एकदा बघून आली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिथल्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "आठवड्याला आठ-दहा तास धरा."

आमच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी क्लास असतो. मंगळवार-गुरुवार तबला, त्याची परीक्षा नोव्हेंबरात. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रोने अंधेरी, म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास कुठे गेले नाहीत. तिचे बाबा म्हणतात दहावी होऊ दे, मग बघू. सासूबाई म्हणतात, पोरीला आवडतंय तर जाऊ दे. मला एकच भीती आहे. आत्ता हो म्हणायचं आणि डिसेंबरात झेपत नाही म्हणून मधूनच काढून घ्यायचं, हे तिच्यासाठीही वाईट आणि टीमसाठीही. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी खरे तास सांगावेत.

कल्याणचा फिटर:
ताई, माझ्या लेकीने दोन सीझन केले, एक नववीत आणि एक दहावीत. मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर आहे. कामाचा वेळ मांडायची सवय अंगात भिनलेली, त्यामुळे ती कधी गेली आणि कधी आली ते मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहायचो. २०२३ची ती पानं जपून ठेवली आहेत. आत्ता समोर घेऊनच बसलोय.

आठ-दहा तास हे खोटं नाही, पण ते सप्टेंबरचं उत्तर आहे. माझ्या पानांवर सप्टेंबरात आठवड्याला सात तास दिसतात, तेही शनिवार-रविवार मिळून. ऑक्टोबरात ते अकरा-बारा झाले. दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सात, फक्त लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज घरी. आणि स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे असे: २८, ३१, ३६. यात प्रवास नाही. म्हणून त्या ताईंना सरासरी विचारू नका. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात गेल्या वर्षी मुलं कुठल्या दिवशी किती वाजता घरी गेली, ते विचारा.

हे तास जातात कुठे, हे मला आधी कळत नव्हतं. सामना अडीच मिनिटांचा. त्यातले पहिले ३० सेकंद रोबोने मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर आपलं आपण चालायचं, पुढची दोन मिनिटं मुलं हातात कंट्रोलर घेऊन चालवतात. ते ३० सेकंद दिवसच्या दिवस खातात. रोबो टेपच्या खुणेवर ठेवायचा, चालवायचा, किती चुकला ते मोजायचं, परत उचलून खुणेवर. सुरुवातीला त्यांनी प्रोग्रॅममध्ये 'इतके सेकंद पुढे जा' असं लिहिलं होतं. बॅटरी भरलेली असली की रोबो चार बोटं पुढे जायचा आणि दुपारी बॅटरी उतरली की अलीकडेच थांबायचा. मुलांना वाटायचं प्रोग्रॅम बिघडला. दोन रविवार गेल्यावर त्यांनी सेकंद सोडले आणि मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या एन्कोडरवर हिशोब बसवला.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखतची. रोबोचा वर-खाली होणारा हात सरकत्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचा होता, दोरीने ओढला जाणारा. ती दोरी सारखी तुटायची. मुलांनी जाड दोरी आणली, तीही तुटली. मोटरचा जोर कमी केला, तरी तेच. आठ-नऊ संध्याकाळी यात गेल्या. एका रात्री लेकीने तुटलेला तुकडा जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. मी दिव्याखाली धरून पाहिला. ताणून तुटलेल्या दोरीचे धागे कमीजास्त लांब सुटतात, इथे एका बाजूने सगळे सारखे छाटलेले होते. दोरी तुटत नव्हती, कापली जात होती. मी एवढंच म्हणालो, "उद्या कापसाचा बोळा घेऊन जा आणि पट्टीच्या कडेवरून हलकेच फिरव. जिथे कापूस अडकेल तिथे धार आहे." धातू कापला की कडेला डोळ्याला न दिसणारी कुसळं राहतात, आम्ही त्याला बर म्हणतो. दुसऱ्या दिवशी तिने बोल्टच्या भोकाशी ती जागा शोधली आणि बारीक कानस मारून स्वतः साफ केली. ती दोरी स्पर्धा संपेपर्यंत टिकली. कालनिर्णयवर त्या आठवड्यापुढे १४ तास लिहिलेत. हे तास वाया गेले असं मला तेव्हाही वाटलं नाही.

तारखांचंही बघून ठेवा. दर वर्षी स्पर्धेचा नवा खेळ सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, शनिवारी जाहीर होतो. २०२४ला तो ७ सप्टेंबरला आला, नेमकी गणेश चतुर्थी. २०२५ला ६ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीला. घरी गणपती असेल तर आत्ताच बोलून घ्या. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला की तुमचे अडीच तास सव्वातीन होतील, तेही धरा.

दहावीचं सांगतो, कारण तुमच्या घरचा खरा प्रश्न तोच आहे. दहावीत तिने रोबोला हात लावला नाही. परीक्षकांना द्यायचा पोर्टफोलिओ, म्हणजे टीमच्या कामाची लिहिलेली नोंद, असतो, मुखपृष्ठ सोडून जास्तीत जास्त १५ पानांचा. तो तिने घरून लिहिला, आठवड्याला तीन-चार तास, आणि डिसेंबरअखेर काम दुसऱ्या मुलीकडे सोपवलं. बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ला सुरू झाली. हे सगळं आम्ही जूनमध्येच टीमला सांगितलं होतं, म्हणून कुणाचं अडलं नाही.

एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. नववीत त्या ३६ तासांच्या आठवड्यात ती तीन रात्री साडेअकराला घरी आली आणि मी काही बोललो नाही. सगळेच थांबलेत, तिला एकटीला कसं बोलवायचं, असं वाटलं. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली आणि सामने बाकावर बसून पाहिले. वर्षभराची मेहनत आणि शेवटी बाकावर. रात्री किती वाजता निघायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि शेवटच्या आठवड्यातही मोडू देऊ नका.

लॅमिंग्टन रोड:
काकू, मी टीममधून बाहेर पडून दोन वर्षं झाली, आता इंजिनीअरिंगला आहे. फिटरकाकांचे आकडे बरोबर आहेत, पण पहिल्या वर्षी माझा निम्मा वेळ नुसता बसून गेला. थ्रीडी प्रिंटरवर एक भाग निघायला सहा-सात तास लागतात, प्रोग्रॅम लिहिणारा दादा कुणाला लॅपटॉप देत नाही, आणि आठवी-नववीची मुलं स्क्रू वेगळे करत बसतात. तेव्हा तास किती याच्याआधी हे विचारा की त्या तासांत तिला काय करायला मिळणार. टीममध्ये पंधरापर्यंत मुलं चालतात. पंधरा मुलं आणि एकच रोबो असेल तर तिच्या वाटचं काम नाव घेऊन ठरवून घ्या.

खरेदीचा वेळ कुणी मोजत नाही. वायर, कनेक्टर लॅमिंग्टन रोडला, बोल्ट आणि बेअरिंग नागदेवीला. रविवारी दोन्हीकडे बहुतेक शटर खाली. मग ते शाळा सुटल्यावरच करावं लागतं.

आणि कुणी मोठ्या स्पर्धेचं, फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचं सुचवलं तर नववीत नको. तिचा खेळ जानेवारीत जाहीर होतो, म्हणजे सगळं काम वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. आमचा रोबो पन्नास किलोच्या आसपास होता. तो पेटीत बंद करून परदेशी न्यावा लागला, त्या कागदपत्रांतच दोन महिने गेले.

विज्ञानाच्या बाई:
मी एका अनुदानित शाळेत शिकवते. आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब आहे. केंद्र सरकारची योजना, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. फिटरदादांनी लिहिलेलं मनापासून पटलं, तरी मी थोडं वेगळं सांगेन. तुमच्या लेकीच्या आठवड्यात मला रिकामी संध्याकाळ एकही दिसत नाही. नववीच्या मुलीला एखादी संध्याकाळ काहीच न करण्याची हवी. क्लास, तबला आणि टीम तिन्ही ठेवायचं असेल तर तिसरं झोपेतून वजा होतं. माझ्या वर्गात सोमवारी पहिल्या तासाला ही मुलं ओळखू येतात.

मुलुंड-भांडुपात कुठल्या शाळेत अशी लॅब आहे का, चौकशी करा. तिथे स्पर्धा नसेल, पण सेन्सर, मोटर, सोल्डरिंग सगळं हाताखालून जातं आणि प्रवास वाचतो. एक वर्ष तिथे काढून अकरावीत टीममध्ये गेली तरी उशीर होत नाही, बारावीपर्यंत भाग घेता येतो. फक्त अकरावीत जेईईचा क्लास लावणार असाल तर हा हिशोब उलटा होईल, हेही खरं.

कल्याणचा फिटर:
बाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे तेव्हा क्लास नव्हता, तिची आई घरीच शिकवायची. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

मुलुंडची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवणं झाल्यावर मी हा धागा लेकीला पूर्ण वाचून दाखवला. ती कापसाच्या बोळ्यापाशी थांबली आणि म्हणाली, परत वाच. मग स्वतःच वही घेऊन आली आणि आठवडा मांडला. क्लासचा शुक्रवार सोडता येईल, कारण त्या दिवशी फक्त उजळणी असते, असं ती म्हणते. सरांशी मी बोलणार आहे. तबल्याची परीक्षा एप्रिलच्या सत्रात देता येते का ते गुरुजींना विचारलंय. तबला सोडायला ती तयार नाही आणि मलाही तो सुटायला नको आहे.

टीमच्या ताईंना फोन करून तुम्ही सांगितलेला प्रश्न तसाच विचारला. थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी शेवटचे दोन आठवडे रोज नऊपर्यंत." मी सांगितलं की आमची मुलगी साडेसातला निघेल, शेवटच्या आठवड्यातसुद्धा. त्या म्हणाल्या चालेल, पण मग ड्रायव्हर होता येणार नाही, कारण ड्रायव्हरचा सराव संध्याकाळी उशिरा असतो. लेकीचा चेहरा पडला. तिला चालवायचंच होतं. रात्री झोपताना मात्र विचारत होती की सरकत्या पट्ट्यांचं काम कोण करतं.

परवा शनिवारी मी तिच्याबरोबर जातेय, प्रवासाला घड्याळ लावूनच. बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण मेट्रोचा पास कितीला पडतो ते त्यांनीच बघून ठेवलंय.

कल्याणचा फिटर:
ताई, शनिवारी जाताना तिच्याबरोबर दोन डबे द्या. एक दुपारचा, एक पाचचा. पाचला काही पोटात गेलं नाही तर साडेसातला मेट्रोत उभं राहवत नाही. आणि सरकत्या पट्ट्यांचं काम मिळालं तर बारीक कानस मी पाठवतो, माझ्याकडे जास्तीची आहे.