दोन टायर जुने टाकू की चारही नवे घेऊ?

गिरणाकाठ (भडगाव)
गाडी आठ वर्षांची. साइझ १८५/६५ आर १५. पुढचे दोन टायर पार घासलेत, मधल्या खाचांतल्या पट्ट्या रबराच्या बरोबरीला आल्या आहेत. मागच्यांची नक्षी अजून चांगली दिसते, पण बाजूने बारीक भेगा पडल्यात. कोड १४१७, म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातला माल.

दुकानदाराने तीन भाव सांगितले. नावाजलेल्या कंपनीचा टायर ५,६००, कमी ऐकलेल्या कंपनीचा ३,९०० आणि वापरलेला १,७००. कापसाचे पैसे अजून हातात नाहीत. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच: "पन्नासच्या वर गाडी पळवतो कुठे? दोन जुने टाक आणि मोकळा हो."

पण मुलगी संभाजीनगरला शिकायला आहे. महिन्यातून एकदा चाळीसगावहून कन्नड घाट चढावाच लागतो, आणि येताना ती सोबत असते. माझं मन चारही नवे टाकावेत असंच सांगतंय. तुम्ही काय कराल?

पारोळ्याचा भाऊ
भाऊ, मी सहा वर्षं वापरलेलेच टायर टाकतोय. एकदाही दगा झाला नाही. पारखून घेतले तर १,७०० चा टायर दीड-दोन वर्षं आरामात निघतो. चार नव्यांचे २२,४०० होतात. तेवढ्यात शेतकऱ्याचा खत-फवारणीचा बराच खर्च भागतो. "जिवापेक्षा पैसा मोठा का" असं म्हणणं सोपं आहे, पण ज्याच्या खिशातून जातात त्याला विचारा. रोजचं चालणं शेत, बाजार आणि तालुक्याचं गाव एवढंच असेल तर नव्याचा आग्रह कशाला?

धुळे_टायरवाला
अकरा वर्षं टायरची कामं करतोय, म्हणून स्पष्ट बोलतो. वापरलेला टायर बाहेरून पारखता येत नाही. मागच्या मे महिन्यात पाहुण्यांच्या गाडीचा असाच टायर फागण्याजवळ फुटला. टायर माझ्याकडे आला तेव्हा नक्षी मस्त होती. आत हात फिरवला तर बोटांना काजळीसारखी काळी भुकटी लागली, आणि आतल्या भिंतीवर गोल रिंगण उमटलेलं. म्हणजे आधीच्या मालकाने तो हवा नसताना काही किलोमीटर हाकला होता. अशात भिंतीतले दोरे तुटतात. नंतर हवा भरली की टायर नव्यासारखा उभा राहतो. जिथून घेतला त्या दुकानात आतून काळा पॉलिश मारलेला होता. पाहुणे सुखरूप आहेत, कारण रस्ता मोकळा होता. एवढंच कारण.

पारोळ्याचा भाऊ
तुमचा धंदाच नवे टायर विकायचा, तुम्ही हेच सांगणार. मी टायर रिमवरून काढून आतून बघितल्याशिवाय घेत नाही. भुकटी, पॅच, वाकलेली तार, सगळं तपासतो. सरसकट सगळ्यांना धोकादायक म्हणू नका.

धुळे_टायरवाला
तुम्ही तपासता, चांगलं करता. पण दहातले नऊ जण गाडीत बसूनच "टाका" म्हणतात. आणि आतला दोरा कुठे तुटलाय ते प्रत्येक वेळी माझ्याही डोळ्यांना दिसत नाही. विकायचंच म्हणाल तर वापरलेल्यात मला सुटतं जास्त.

भुसावळचं_ऊन
दोघेही महाग आणि जुना यातच अडकलात. ३,९०० चा नवा टायर कोणी विचारातच घेत नाही! आयएसआयचा शिक्का हवा, साइझ तीच हवी, आणि मूळ टायरवर ८८एच लिहिलं असेल तर त्याहून कमी नको. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोचा भार, एच म्हणजे २१० चा वेग. कोड ताजा असावा. एवढं जुळलं तर कमी ऐकलेलं नाव चालतं.

आणि खरा घात हवा करते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, टायर आतून तापत जातो आणि महामार्गावर फुटतो. लोक करतात उलटं: टायर गरम लागला की हवा सोडतात. हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी मोजायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. ५,६०० चा टायर घेऊन चार महिने हवा न बघणाऱ्यापेक्षा ३,९०० वाला जपणारा बरा.

नवापूरची ताई
भुसावळकर, उन्हाचं पटलं. पण तुम्ही पाऊस विसरलात. मी नवापूर ते साक्री नेहमी जाते. जुलैत कोंडाईबारी घाटात रस्त्यावरून पाण्याचा थर वाहत असतो. नवीन टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते, ती पाणी बाजूला फेकते. कायद्याने १.६ पर्यंत चालते, पण ओल्यात ३ च्या खालीच गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी होते, हे मी स्टिअरिंगवर अनुभवलंय. स्वस्त टायर भार पेलेल, पण ओल्या उतारावर ब्रेक लागायला किती अंतर घेतो ते शिक्क्यावरून कळत नाही. फरक तिथेच पडतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. भाव जुन्या दरानेच लावलाय का, ते बिल मागून बघा.

गिरणाकाठ (भडगाव)
ताई, बिलाचं डोक्यातच नव्हतं. चार जमत नसतील तर आत्ता दोन चांगले घेतो, दोन कापूस विकल्यावर. नवे पुढेच टाकायचे ना?

पारोळ्याचा भाऊ
पुढेच. ओढ पुढच्या चाकांना, स्टिअरिंग पुढे, झीज पुढे. यात काय विचारायचं?

धुळे_टायरवाला
नाही हो, नवे मागे. सगळ्यांना उलटं वाटतं. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, हातात जाणवतं, पाय सुटतो, गाडी सावरते. मागचे घसरले तर शेपूट फिरतं, आणि ओल्या वळणावर ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. पण तुमचे पुढचे संपलेत आणि मागचे २०१७ चे आहेत. पुढे न्यायला चांगली जोडीच उरत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत चारही बदला हेच म्हणेन, मग दोन हप्ते पाडून घ्या.

पारोळ्याचा भाऊ
शेपटाचं पटत नाही मला. आमच्या गाडीत नवे कायम पुढेच राहिलेत. चारही बदलण्याचंही सांगतो: सहा वर्षं माझं चाललंय, त्यांचंही चाललं असतं. बाकी मुलीला घेऊन घाट चढायचा म्हणतात, मग मी अडवणार नाही.

गिरणाकाठ (भडगाव)
आज दुकानात गेलो. चारही घेतो म्हटलं, निम्मे पैसे आता, निम्मे जानेवारीत. दुकानदार तयार झाला. कमी ऐकलेल्या कंपनीचे आणून ठेवले होते. कोड बघितला तर ०९२३. "गोदामात सावलीत होते, नवेच आहेत" म्हणाला. ते परत केले आणि ५,६०० वाले चार ताज्या कोडचे मागवले. सोमवारी येतील. तोवर घाट बंद. शनिवारी मुलीला एसटीने यायला सांगितलंय.

नवापूरची ताई
बरं केलंत. स्टेपनीचा कोड पाहिलात का?

गिरणाकाठ (भडगाव)
आत्ता डिकी उघडून पाहिला. १४१७. गाडीसोबत आलेली, एकदाही खाली उतरलेली नाही. हवा मोजली तर १२ भरली.