१० बाय १२ फुटांच्या हॉलमध्ये ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) कसं बसवू?

मुलुंडकर: वन बीएचके आहे, टीव्ही १० फुटी भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, पुढे ओढला तर किचनमध्ये जायला वाटच राहत नाही. डावीकडे भिंत, उजवीकडे मोठी स्लायडिंग खिडकी. दुकानदार म्हणतो ७.१ च घ्या. पुढच्या महिन्यात रंगकाम काढतोय, त्याआधी वायरिंग करून घ्यायचंय. सराउंड, म्हणजे बाजूचे दोन स्पीकर, लावू कुठे?

परळवाला: ७.१ नको हो. त्यातले मागचे दोन तुमच्या पाठीमागे थोडं अंतर सोडून लागतात, तुमच्याकडे पाठीला भिंत आहे, ते थेट डोक्याशी येणार आणि आवाज पसरायच्या ऐवजी नुसता स्पीकर ऐकू येणार. ५.१ चे सराउंड खरं तर टीव्हीची दिशा शून्य धरली तर ११० ते १२० डिग्रीवर, म्हणजे कानाच्या थोडे मागे हवेत, पण जागा नाही तर सरळ दोन्ही बाजूंना ९० वर लावा, फक्त कानापेक्षा दीड-दोन फूट वर, नाहीतर सोफ्याच्या टोकाला जो बसेल त्याला सगळा पिक्चर एकाच कानात. खिडकीकडे पडद्याच्या रॉडच्या पलीकडे कोपऱ्यापर्यंत वीतभर भिंत असेलच, तिथे छोटा बुकशेल्फ स्पीकर ब्रॅकेटवर बसतो. पुढचे दोन एकमेकांपासून ८ फुटांवर ठेवा, तुमच्या अंतरावरून साधारण २२-२३ डिग्री पडतात, बरोबर आहे. पैसे सेंटरवर, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरवर घाला, डायलॉग बहुतेक त्याच्यातूनच येतात.

मुलुंडकर: आणि सब, म्हणजे बासचा सबवूफर? खाली आजी-आजोबा राहतात, त्यांना त्रास नको.

बोरिवली_बास: सब आधी सोफ्यावर ठेवा, बासचं गाणं लावा आणि तुम्ही टीव्हीच्या भिंतीलगत गुडघ्यांवर फिरत ऐका, जिथे बास घुमत नाही, स्वच्छ येतो तिथे सब. तुम्ही भिंतीला टेकून बसणार म्हणजे बास मुळातच फुगणार, त्यामुळे लेव्हल कमीच ठेवा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. खाली जाड फोमचा पॅड घाला, फरशीची थरथर कमी होते, पण स्लॅबमधून आवाज थोडा तरी जातोच, म्हणून रात्री सबचा आवाज उतरवा आणि रिसीव्हरचा (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा) नाईट मोड लावा, तो मोठे आवाज दाबतो. आजोबांना एकदा विचारूनच घ्या ना, त्यांच्या झोपायच्या वेळा कळल्या की सोपं जातं.

परळवाला: वायर १६ गेज शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्तात गळ्यात मारतात, टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत करा. लाईटच्या पाईपमधून नेऊ नका, वेगळा पाईप टाका. ॲटमॉस (छतातूनही आवाज येणारी पद्धत) पुढे कधी करायचं असेल तर छताच्या दोन वायरी आत्ताच ओढून ठेवा, रंग झाल्यावर कोण भिंत फोडणार!