'प्रीफेच'ला उचल म्हणावं का?

नांदेडहून
एक्सएफएस नावाची फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची व्यवस्था) दुरुस्त करणारं एक्सएफएस-रिपेअर आहे ना, त्यातल्या थ्रेड (प्रोग्रामात एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं) आणि प्रीफेचच्या कोडमधले बदल तपासतोय. टिपणं मराठीत लिहितोय, सोबतच्या पोरांसाठी. थ्रेडला थ्रेडच ठेवलं. धागा म्हटलं की त्यांना ही असली चर्चाच आठवते. अडलंय प्रीफेचपाशी. दुरुस्ती 7 टप्प्यांत चालते. त्यातल्या तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या टप्प्यात एक थ्रेड आयनोड, म्हणजे फाइलींच्या माहितीच्या नोंदी, तपासत बसतो, तोवर दुसरे थ्रेड पुढं लागणारे ब्लॉक, म्हणजे डेटाचे तुकडे, डिस्कवरून वाचून मेमरीत आणून ठेवतात. तपासणाऱ्याचा खोळंबा होऊ नये, एवढंच. मला 'उचल' सुचतंय. आधीच घेतलेलं आणि उचलून आणलेलं, दोन्ही एका शब्दात आलं.

केजहून
दादा, उचल म्हणजे काय ते आमच्या बीड जिल्ह्यात विचारा. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला निघायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या हिशोबानं रक्कम. हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या सालाच्या बोकांडी. उचल अंगावर असते. तुमचा आणून ठेवलेला ब्लॉक वापरलाच नाही, तर कुणाचं देणं लागतं का?

नांदेडहून
नाही. मेमरी लागली की टाकून देतात. प्रीफेच मुळातच बंद केलं तरी दुरुस्ती होते, फक्त हळू. त्यासाठी कमांडमध्ये मोठ्या पीचा (-P) पर्याय आहे. काम मध्येच अडकून पडलं तर तो वापरा, आणि अडकलेलं रिपेअर मध्ये थांबवलं तरी धोका नाही, असं त्याच्या माहितीपानावरच लिहिलंय.

केजहून
मग कामून उचल म्हणता? न फेडता सुटली अशी उचल आम्ही तरी बघितली नाही.

लातूरहून
'आगाऊ वाचन' करा की. आगाऊ रक्कम म्हणतोच आपण.

नांदेडहून
करून बघितलं, सर. एकानं लगेच विचारलं, 'आगाऊ थ्रेड म्हणजे उलट बोलणारा का?' 'पूर्ववाचन' तर परीक्षेच्या आदल्या रात्रीचं वाटतं.

पैठणहून
आमच्या घरात माग आहे. विणणारा मागावर बसला की घरातलं कुणीतरी बाजूला चरख्यावर सुताच्या कांड्या भरत राहतं. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली आणि दुसरी तयार नसली तर माग थांबतो. जास्त भरल्या तर टोपलीत पडून राहतात, कुणी हिशोब मागत नाही. तुम्ही सांगताय ते मला हुबेहूब कांड्या भरणं वाटतंय. शब्द म्हणून 'भरून ठेवणं' एवढंच लिहा, कांडीचं उदाहरण एकदा द्या.

नांदेडहून
ताई, तुम्ही तर चूकच शोधून दिली! ज्या बदलावर मी दोन दिवस डोकं लावतोय, त्यात नेमकं हेच होतंय. टोपली भरली म्हणून कांड्या भरणारा थांबलाय, विणणारा एखादी कांडी उचलेल तेव्हा जागा होईल. विणणाऱ्याला हवी ती कांडी मात्र भरणाऱ्याच्याच मुठीत आहे. दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेत. डेडलॉकला 'कोंडी' लिहितो, त्यावर कुणाचं दुमत नसावं.

केजहून
कोंडी बरोबर. हे पोरांना कळेल.

नांदेडहून
मग बदल करणाऱ्याला असं लिहिलंय (बफर म्हणजे ब्लॉक ठेवायची मेमरीतली जागा; एकाचं कुलूप असेपर्यंत ती दुसऱ्या थ्रेडला वापरता येत नाही): 'पुढचे ब्लॉक भरून ठेवणारा थ्रेड जागेसाठी थांबतो, तेव्हाही त्याच्याकडं बफरचं कुलूप असतं. त्यानं कोंडी होते. थांबण्याआधी कुलूप सोड.'

लातूरहून
कुलूप सोडत नाहीत हो, काढतात. सोडतात ती गाठ.

नांदेडहून
'काढ' केलं, सर.