व्यसनातून सावरणाऱ्या आपल्या माणसांसाठी एक खोली

प्रेषक: कार्यवाह
सप्रेम नमस्कार. पुढील पत्र मंडळाच्या एका जुन्या सभासदाने माझ्याकडे पाठवले असून त्यांच्या विनंतीवरून नाव वगळून ते यादीवर ठेवत आहे. कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी आहे. त्यापूर्वी सर्वांनी आपली मते मोकळेपणाने कळवावीत.

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपण वर्षभरासाठी घेतलेल्या हॉलच्या तळमजल्यावरील लहान खोली मराठी शाळेची वेळ सोडली तर रिकामीच असते. दारूच्या किंवा अन्य व्यसनातून सावरत असलेल्या मराठी माणसांना आठवड्यातून एकदा, दीड तास, एकत्र बसण्यासाठी ती मिळावी, अशी माझी विनंती आहे. मी स्वतः अनेक वर्षे दारू पीत होतो. आता पीत नाही, आणि त्याचे मोठे श्रेय माझ्यासारख्याच माणसांच्या सभांना आहे.

आपण ओहायोत राहतो, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन धंद्यातील एक व्यवहार फसल्यावर ॲक्रनच्या मेफ्लॉवर हॉटेलात एकटाच उरला होता. दारू सोडून काही महिने झाले होते आणि शेजारच्या बारमधील आवाज त्याला ओढत होते. त्याने दूरध्वनी उचलून एकेका चर्चमध्ये चौकशी सुरू केली, ती एखाद्या डॉक्टरची किंवा उपदेशकाची नव्हे, तर आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याची. त्या शोधातून त्याची गाठ त्याच गावातील शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. पंधरा मिनिटांत निघायचे असे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. दारू शरीराचे काय करते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्यासमोर बसलेला माणूस स्वतःच्या बचावासाठी आला होता आणि स्वतःचीच हकीकत सांगत होता, हे त्यांना नवीन होते. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस, आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. त्यांचे ॲक्रनमधील घर आजही पाहता येते. या नावाने चालणारा पहिला गट १९३९ मध्ये आपल्या क्लीव्हलंडमध्ये सुरू झाला, आणि संस्थेच्या बारा परंपरा, म्हणजे गट कसे चालवावेत याची तत्त्वे, १९५० मध्ये येथेच स्वीकारल्या गेल्या.

हा विचार आपल्याकडेही परका राहिलेला नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊन आधार दिला, हे बहुतेकांना ठाऊक असेल. तेथे उपचार घेऊन बरे झालेली कितीतरी माणसे पुढे तेथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. मला त्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

येथील अमेरिकन मीटिंगांनी मला जगवले, आणि त्या मी सोडणार नाही. पण लग्नात मामाच ग्लास पुढे करतात तेव्हा काय करायचे, सांगलीच्या घरी आईला फोनवर काय आणि किती सांगायचे, वडीलही पीत होते आणि घरात त्याचा उच्चारही होत नसे, हे सारे मला तेथे आधी समजावून सांगावे लागते, आणि समजावता समजावता मूळ दुखणे मागे राहते. त्यातच व्हिसावर आलेल्या तरुणांना, दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेलो तर व्हिसा रद्द होईल अशी भीती असते, आणि ती निराधार नाही. त्या भीतीपोटी ते मदत मागण्याचेही टाळतात. अशा मुलाला हे सारे भोगलेला एक तरी मराठी माणूस भेटावा, असे मला कळकळीने वाटते.

– एक सभासद

प्रेषक: खजिनदार
नमस्कार. पत्र वाचून लेखकाविषयी मनापासून आदर वाटला. मात्र विम्याच्या दृष्टीने उपस्थितांची नोंदवही असावी, आणि प्रत्येक सभेला कार्यकारिणीचा एक सदस्य हजर असावा, असे मला वाटते. खोलीचे भाडे मंडळाने माफ करावे. तज्ज्ञांची व्याख्याने ठेवता येतील, आणि वर्षभर व्यसनमुक्त राहिलेल्यांचा गणेशोत्सवात शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला तर इतरांनाही प्रेरणा मिळेल. एक शंका मात्र राहते. आपण सारे एकमेकांना ओळखतो. मग अशा खोलीत कोणी येईल का?

प्रेषक: एक सभासद (निवृत्त मनोविकारतज्ज्ञ)
या प्रस्तावाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि एक ताकीदही आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने मीटिंगमध्ये स्फुरण येऊन एका रात्रीत दारू थांबवू नये. पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दारू सोडणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. नॅल्ट्रेक्सोनसारखी औषधे दारूची ओढ कमी करतात. ती घेणाऱ्याला ‘तू खरा व्यसनमुक्त नाहीस’ असे गटात कोणीही म्हणू नये, कारण अशा एका वाक्याने लोक औषध सोडतात आणि पुन्हा बुडतात. अफूजन्य औषधांच्या व्यसनात तर हे अधिकच घातक ठरते.

मीटिंगांचा उपयोग होतो का, असे मला अनेकांनी विचारले आहे. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक रुग्णांचा, आढावा प्रसिद्ध केला. ठरावीक पद्धतीने रुग्णाला एएशी जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्ती टिकवण्यात इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. याचा अर्थ मीटिंग प्रत्येकाला मानवते असा नाही. ज्याला ती मानवत नाही त्याला दोष न देता दुसरी वाट दाखवावी. कोणाला आज रात्रीच मदत हवी असेल, तर संघराज्य सरकारची विनामूल्य आणि गोपनीय हेल्पलाइन १-८००-६६२-४३५७ ही आहे.

प्रेषक: एक सभासद
डॉक्टरसाहेब आणि पत्रलेखक, दोघांचे आभार. माझे पती पितात. ते या खोलीत येतील की नाही, हे मला सांगता येणार नाही. मला माझ्यासाठी विचारायचे आहे. बाटल्या मोजणे, त्यांच्या कार्यालयात आजारपणाचे खोटे निरोप देणे, मुलांना गप्प करणे, यात माझे आयुष्य चालले आहे. पुण्यात मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, असे माझ्या वहिनीने सांगितले. तसे येथे काही होईल का? आणखी एक विनंती आहे. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात बार ठेवायचा की नाही हे कार्यकारिणीने ठरवावे, पण नको म्हणणाऱ्याला कोणी ‘एकच घे’ म्हणून आग्रह करू नये, एवढे तरी निवेदनात सांगावे.

प्रेषक: कार्यवाह (मूळ पत्रलेखकाचे उत्तर)

ताई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही वेगळी संघटना आहे. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये तिच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पती येवोत वा न येवोत, तुम्हाला तेथे जाता येते. मराठीत असा गट व्हावा असे मलाही वाटते, मात्र तो तुमच्यासारख्यांनीच चालवावा. आम्ही तो चालवला तर घरातील जुनीच मांडणी तेथे पुन्हा उभी राहील. कार्यक्रमाच्या निवेदनाविषयी मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

खजिनदारांच्या सूचनांमागील सद्भाव मला दिसतो, तरी त्यांतील बहुतेक सूचना मला स्वीकारता येणार नाहीत. नोंदवही ठेवली की पहिल्या दिवशीच खोली रिकामी होईल. विम्यासाठी खोली घेणाऱ्याचे नाव हवे असल्यास माझे आणि माझ्या एका सहकाऱ्याचे घ्यावे. आम्हा दोघांचीही त्याला संमती आहे. कार्यकारिणीचे सदस्य नियमित सभेला नकोत, कारण जो पितो किंवा पीत होता त्याच्याखेरीज कोणी समोर असले, की माणूस हकीकत सांगण्याऐवजी खुलासा देऊ लागतो. महिन्यातून एक सभा सर्वांना खुली ठेवू, तिला अवश्य यावे. व्याख्याने मंडळाने जरूर ठेवावीत, पण मोठ्या हॉलमध्ये. खोलीत आम्ही एकमेकांना सल्ला देत नाही. प्रत्येकजण स्वतःपुरते बोलतो आणि इतर मध्ये न बोलता ऐकतात.

सत्काराबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ज्याला सर्वांसमोर शाल दिली, तो चार महिन्यांनी घसरला तर मंडळात तोंड कसे दाखवील? या आजारात घसरण होते, काहींची अनेकदा होते, आणि घसरलेल्याला दुसऱ्याच दिवशी परत येऊन बसता येणे यावर त्याचे जगणे अवलंबून असते. मीटिंगमध्ये तो परत आला की त्याला कोणी जाब विचारत नाही. खुर्ची सरकवतात, चहा देतात. स्वतःची गोष्ट कोणाला सांगायची, हे ज्याने त्याने ठरवावे. त्याच्या वतीने दुसऱ्याने ती व्यासपीठावरून सांगू नये.

भाडे माफ करू नये. गटाने स्वतःचा खर्च स्वतः करावा आणि बाहेरची देणगी घेऊ नये, ही एएची जुनी परंपरा आहे, आणि तिचा मला स्वतःला फार उपयोग झाला आहे. पिण्याच्या काळात घरच्यांनी आणि मित्रांनी माझी बिले भरली. नंतर सभेत खर्चासाठी फिरणाऱ्या टोपलीत आपल्या खिशातील दोन डॉलर टाकताना मी पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडत होतो. त्याच कारणाने या गटाला मंडळाचे नाव देऊ नये. दिनदर्शिकेत फक्त वार आणि वेळ छापावी.

ओळखीच्या भीतीला माझ्याकडे संपूर्ण उत्तर नाही. पहिले काही महिने आम्ही दोघे-तिघेच असू, आणि तेवढ्यानेही सभा होते. कॅमेरा बंद ठेवून दुरून येण्याची सोय ठेवू, म्हणजे डेट्रॉइट किंवा पिट्सबर्गच्या माणसालाही बसता येईल. शाळेच्या दिवशी पालकांची ये-जा असते, म्हणून रविवार टाळून गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ ही वेळ आणि वाहनतळाकडील मागचे दार मिळाले तर बरे होईल. किल्ली दोघांकडे असावी, म्हणजे एकजण आजारी असला किंवा पुन्हा प्यायला लागला तरी सभा चुकणार नाही. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली ताकीद मी मराठीत लिहून दारामागे लावीन. मसुदा त्यांनी तपासून द्यावा.

प्रेषक: कार्यवाह
सर्वांचे आभार. हा विषय रविवारी पहिला घेऊ. गुरुवारच्या वेळेविषयी आणि मागच्या दाराविषयी मी हॉलच्या व्यवस्थापनाकडे विचारणा केली आहे, आणि दिवाळीच्या निवेदनाचा मसुदा ताईंकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे.