स्ट्रोकनंतर ताठलेला पाय आणि मसाज : तुमचे अनुभव सांगा

बाबांचा उजवा पाय स्ट्रोकनंतर ताठतोय, टाच टेकत नाही, पाऊल आत वळतं. मसाजने कुणाला खरंच फरक पडलाय का? कसा करता ते सविस्तर लिहा प्लीज.

आईला रोज मीच करते. आधी सांगते, रगडू नका. मालिशवाले यायचे ते भरभर चोळायचे, थापट्या मारायचे, पाय आणखीच ताठायचा आणि घोटा धडधड उडायला लागायचा. फिजिओने समजावलं की मूळ दुखणं मेंदूत आहे, तिथला लगाम सुटलाय म्हणून स्नायूला एकदम हिसका बसला की तो उलट आवळतो. आता तळहात पूर्ण टेकवून गुडघ्यामागून टाचेकडे अगदी सावकाश फिरवते, पोटरी हाताखाली सैल पडली की मगच स्ट्रेचिंग. गुडघा सरळ, टाच मुठीत, तळपाय माझ्या हातावर टेकवलेला आणि हळूहळू पाऊल वर, अर्धा मिनिट तरी तसंच धरायचं. नुसता चवडा बोटांनी दाबला तर पाय उलट खाली ढकलतो.

मी स्वतः पेशंट आहे. मसाजने बरं वाटतं, पाय हलका होतो, पण ते थोडाच वेळ टिकतं, म्हणून तेवढ्यात उभं राहून त्या पायावर वजन घेण्याचा व्यायाम उरकतो. एक घरच्यांना कळत नाही, पाय ताठ असतो म्हणूनच काही जणांना उभं राहता येतं, आतून ताकद कमीच असते, त्यामुळे मसाजनंतर लगेच एकटं चालायला सोडू नका.

काकांची एकच पोटरी सुजली, गरम लागत होती. काकूंनी मसाज थांबवून थेट डॉक्टरकडे नेलं, डॉपलरमध्ये (शिरांची सोनोग्राफी) शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशा पायाला चोळणं जिवावर बेतू शकतं, गुठळी सुटून फुप्फुसात जाते!! आणि संवेदना कमी असेल तर गरम पिशवी नकोच, भाजलेलं कळत नाही.

आमच्या आजोबांचा पाय एकाएकी जास्त ताठला तेव्हा सगळे मसाजच वाढवत बसलेले, निघालं लघवीचं इन्फेक्शन. बद्धकोष्ठता, नखाची जखम, घट्ट बूट यांनीही वाढतं म्हणे डॉक्टर. पुढे पोटरीत बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) दिलं, त्याचा असर साधारण तीन महिने राहतो, त्या काळात स्ट्रेचिंग आणि स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा पट्टा) नेटाने केलं तर उपयोग. बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध) चालू असेल तर मनाने अचानक बंद करू नका, फिट येऊ शकते.