'पाणी देणे' म्हणजे क्वेंच की टेम्पर?

तापीकाठ:
भाचा सुरी बनवायला शिकतोय, त्याच्यासाठी सगळं मराठीत लिहून काढतोय. ट्रकच्या कमानीचा पाटा कापायचा, ग्राइंडरवर उतार काढायचा, धारेला साधारण १ मिमी जाडी ठेवायची (आधीच पातळ केली तर बुडवताना वाकते नाहीतर तडकते), इथपर्यंत ठीक. पुढे भट्टीत लाल करून, लोहचुंबक चिकटेनासं झालं की अजून थोडं तापवून कोमट तेलात बुडवायचं, या क्वेंचला मी 'पाणी देणे' लिहिलं. मग २०० अंशाच्या आसपास ओव्हनमध्ये दोनेक तास, म्हणजे ठिसूळपणा जातो, या टेम्परला काय लिहू? आमचे काका म्हणतात पाणी देणे म्हणजे ही दुसरी पायरीच. मी कायम उलटं ऐकलंय. आणि तेलात बुडवून पाणी कसं म्हणायचं?

जुना फिटर, भुसावळ:
दादा, तुम्ही पण बरोबर आणि काका पण. छिन्नीला पाणी देताना ताप एकच असतो, म्हणजे भट्टीत एकदाच तापवायचं. टोक तेवढं पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करायचं, मग मागची उष्णता टोकाकडे सरकते आणि रंग धावतो, आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. छिन्नीला जांभळा आला की परत बुडव, सुरीला पिवळ्यावरच थांब. हे सगळं मिळून पाणी देणं. ओव्हन आला म्हणून दोन कामं वेगळी झाली, शब्द एकाच कामाचा होता.

धुळ्याची ताई:
आमच्या आजीचं अहिराणीत "कोयताले पानी दिधं का?" असंच असायचं. पण विळा मात्र 'पाजवून' आणायचा. पाणी पाजतात म्हणून पाजवणे, सरळ आहे.

शब्दवेडा:
ताई, सरळ नाही. पाजवणे म्हणजे नुसती धार लावणे, त्यात भट्टी येतेच असं नाही. आणि शस्त्र 'पाजळणे' तर तिसरंच, ते दिवा पाजळण्यातलं, प्रज्वलपासून आलेलं. मात्र पाजण्याचा धागा जुना आहे हे मान्य. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांची 'पायना', म्हणजे पाजणं, तीन प्रकारची सांगितलीय, क्षार, पाणी आणि तेल. हाड तोडायच्या शस्त्राला क्षाराची, मांस कापायच्याला पाण्याची, शिरा उघडायच्याला तेलाची. म्हणजे तेल पाजणं काही आजचं नाही. तापीकाठ, बुडवण्याला 'पायना' लिहा आणि टेम्परला 'मृदूकरण'.

जुना फिटर, भुसावळ:
मृदूकरण वाचून पोरगं सुरी पार मऊ करून ठेवील! टेम्परमध्ये कडकपणा थोडासाच सोडायचा असतो, चिवटपणा मिळवायचा असतो. भट्टीपुढे उभा असलेला माणूस जे बोलतो ते लिहा, टेम्पर हा शब्द आता लोहाराच्याही तोंडी आहे.

शब्दवेडा:
मग सगळंच इंग्रजी लिहा की. शब्द वापरला नाही तर रुळणार कसा?

केळीवाला, रावेर:
घड उतरवायचा विळा ग्राइंडरवर जास्त दाबला आणि धार निळी पडली की आमच्याकडे म्हणतात पाणी उतरलं. म्हणून धार काढताना मधे मधे पाण्यात बुडवत राहायचं भो, बोटाला चटका बसायच्या आत. म्हणजे पाणी = कडकपणा. मग टेम्परला 'पाणी उतरवणे' का नको?

जुना फिटर, भुसावळ:
कारण पाणी उतरलं म्हणजे माल बिघडला! मुद्दाम केलं तरी ऐकणारा तेच समजणार. 'पाणी बेताचं करणे' एक वेळ चालेल.

धुळ्याची ताई:
एखाद्याचं पाणी जोखणे हे पण लोहारकामातलंच असणार बघा. तलवार पाणीदार, माणूस पाणीदार.

शब्दवेडा:
मोती पण पाणीदार असतो ताई, त्याला कुठे भट्टीत घालतात? इथे पाणी म्हणजे तेज. फारसी 'आब'चंही तसंच, पाणी आणि चकाकी दोन्ही.

तापीकाठ:
अहो, ओव्हनच्या पायरीला काय लिहू ते राहिलंच की. सध्या 'टेम्पर देणे' लिहिलंय.

केळीवाला, रावेर:
'देणे' कशाला, टेम्पर 'काढतात'.

जुना फिटर, भुसावळ:
टेम्पर काढला म्हणजे तर गेलाच ना भाऊ. टेम्पर करतात.

धुळ्याची ताई:
शब्दवेडा दादा, मोत्याचं पाणी मला पटलं नाही. विळ्याला निळं पडल्यावर 'तेज उतरलं' असं कोणी म्हणत नाही, पाणीच उतरतं.