हँडल अचानक नाचायला लागलं की पहिला पाना कोन सेटलाच का?

निरेकाठचा
गाडी १२५ सीसी, ७ वर्षं जुनी, ४८ हजार किलोमीटर झालेली. गेल्या रविवारी पुण्याहून साताऱ्याला निघालो, मागे बायको. खंबाटकी उतरून सरळ रस्त्याला लागलो आणि ६० च्या स्पीडला हँडल हातात डावं-उजवं नाचायला लागलं. ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटर हळू सोडला, गाडी ३० पर्यंत येऊ दिली आणि कडेला घेतली. बायकोचे हात माझ्या खांद्यात रुतले होते. आदल्या संध्याकाळपर्यंत हीच गाडी सरळ चालत होती.

रस्त्यालगतच्या गॅरेजवाल्याने गाडी उभ्या जागी हँडल दोनदा हलवलं आणि म्हणाला, "कोन सेट गेला." कोन सेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग. तो बदलण्यात दीड तास आणि ९०० रुपये गेले. पाचवड यायच्या आत पुन्हा तोच प्रकार.

साताऱ्यात मेव्हण्याच्या दारात गाडी डबल स्टँडला लावून मागे बसून बघितलं. चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवर) चेन ओढण्याच्या खुणा असतात ना, तिथे डावीकडे एक्सल (चाकाचा आडवा दांडा) तिसऱ्या खुणेवर आणि उजवीकडे जेमतेम पहिली ओलांडलेला. नटाला पाना लावला तर जोर न लावता अर्धा फेरा फिरला. आदल्याच दिवशी एके ठिकाणी चेन टाइट करून घेतली होती. दोन्ही बाजू सारख्या केल्या, नट आवळला. परत येताना ७० ला गाडी ठाम.

माझं म्हणणं असं: त्रास अचानक सुरू झाला असेल तर आधी विचारा, गाडीला शेवटचा हात कुठे लागला? मग हवा, मागचं चाक, पुढचं चाक. कोन सेट सगळ्यात शेवटी. तो काही एका रात्रीत जात नाही.

तेराचा पाना
कोल्हापुरात माझं स्वतःचं गॅरेज आहे. "सगळ्यात शेवटी" याला माझा ठाम विरोध.

कोन सेट एका रात्रीत जात नाही, पण गेलेला एका रात्रीत कळतो. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा दणका कोन सेटमधल्या गोळ्या रेसवर, म्हणजे त्या ज्या कड्यात फिरतात त्यावर, त्याच त्याच जागी देतात. तिथे बारीक खळगे पडतात आणि हँडल मधोमध आलं की किंचित अडकतं. रोज चालवणाऱ्याच्या हाताला त्याची सवय होते. मग एक दिवस मागे माणूस बसतो, पुढचं चाक हलकं होतं आणि मुरलेलं दुखणं वर येतं. प्रेशरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांचं ग्रीस तर आणखी लवकर जातं.

दोन मिनिटांची तपासणी आहे. गाडी डबल स्टँडवर, कोणीतरी मागे दाबून पुढचं चाक उचललेलं. दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधे खाच लागली तर रेस गेली. मग शॉकअप खालून धरून पुढे-मागे ओढा. वर टकटक जाणवली तर कोन ढिला. जुना सेट परत घेतलात का?

पहाटेचा दूधवाला
मी धागाकर्त्याच्या बाजूने. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना ४० लिटरचे कॅन लावून रोज पहाटे निघतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचाही कोन सेट बदलला, गेला नव्हता तरी. निघाला काय, तर मागच्या टायरात खिळा. ट्यूबलेस असल्यामुळे हवा रात्रभर थोडी थोडी गेली होती. एवढ्या वजनाखाली मागचा टायर बसला की गाडी मागून झुलते आणि माणसाला वाटतं हँडलच हलतंय. हवा बघायला पैसे लागत नाहीत, म्हणून तीच पहिली.

घाटमाथा
सोपा उपाय सांगतो. मोकळ्या रस्त्यावर ५० ला दोन्ही हात सोडा. गाडी ज्या बाजूला जाईल तिकडे दोष.

तेराचा पाना
घाटमाथा, कृपा करून हे कोणाला सांगू नका. ज्या गाडीचं हँडल आधीच नाचतंय तिच्यावर हात सोडायचे? रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यानेही गाडी ओढते. जे बघायचं ते उभ्या गाडीवर बघा. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, हे मागच्या टायरला दोरी गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढे ताणली की दिसतं. चिमट्यावरच्या खुणांवरही पूर्ण भरवसा ठेवू नका.

आयटीआयचा मास्तर
तुम्ही सगळे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देताय. फक्त हँडल भराभर नाचतं, सेकंदाला ४ ते १० वेळा, तेव्हा संशय पुढच्या बाजूवर: पुढचा टायर, रिम, चाकाची बेअरिंग, कोन सेट. अख्खी गाडी सावकाश झुलते तेव्हा मागे बघायचं: हवा, एक्सल, चिमट्याचे बुश, सामान. निरेकाठचे, तुम्ही लिहिलंय "हँडल नाचायला लागलं". मग नुसता मागचा नट ढिला होता हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आणि दुसऱ्यांदा नेमकं काय झालं? तेही हँडलच का?

निरेकाठचा
मास्तर, प्रश्न बरोबर आहे. आठवून बघितलं. पाचवडजवळ हँडल नाचत नव्हतं, गाडी मागून झुलत होती. "तोच प्रकार" असं मी घाईत लिहिलं.

जुना सेट येताना त्या गॅरेजमधून मागून घेतला होता. काल रॉकेलने धुऊन खालच्या रेसवर नख फिरवलं. चार ठिकाणी अडकलं, उन्हात धरली तर खळगे दिसतात. म्हणजे कोन सेटही गेलेला होता. "सगळ्यात शेवटी" हे माझं म्हणणं मागे घेतो.

पण गॅरेजवाल्याबद्दलची तक्रार मागे घेत नाही. त्याने पुढचं चाक उचलून बघितलं नाही, मागे ढुंकूनही पाहिलं नाही आणि "आता बिनधास्त जा" म्हणून दोन माणसांना हायवेवर पाठवलं. मागचा नट तेव्हाही ढिलाच होता. कोन बदलल्यावर मी निश्चिंत होऊन पुन्हा ६० ला गेलो, ते त्याच्या शब्दावर.

पहाटेचा दूधवाला
हेच म्हणतोय मी. एक दोष सापडला की दुसरा शोधायचं सोडतात.

तेराचा पाना
हे मात्र त्याचं चुकलं. माझ्याकडे पोरगा असं वागला असता तर मी त्याला पुन्हा पाना धरू दिला नसता. तरी हँडलच नाचत असेल तर मी आजही हवेनंतर लगेच पुढचं चाक उचलणार, यात बदल नाही.

तुम्ही आता दोन कामं करा. मागच्या एक्सलला नायलॉनवाला नट असेल तर तो नवीन टाका, चार-पाच वेळा खोलल्यावर तो धरत नाही. आणि नवीन कोन सेट ५०० किलोमीटरनंतर परत तपासून घ्या. गोळ्या बसल्या की थोडा ढिला होतो. आवळताना फार आवळू देऊ नका, हँडल जड झालं तर गाडी हळू चालवतानाच लडखडते.